जग बुडाल्यानंतरच्या सिनेमाची एवढी वाट का बघतात?

दर काही महिन्यांनी असा एखादा ट्रेलर येतो. ओस पडलेला हमरस्ता, गंजलेल्या मोटारी, काचा फुटलेलं दुकान, पाठीवर बोचकं बांधून चाललेली दोन-तीन माणसं. ती कुठे निघालीत, कशापासून पळताहेत हे कळायच्या आत ट्रेलर संपतो आणि पडद्यावर तारीख झळकते. जळगाव-धुळ्यातली कॉलेजची पोरं त्याच रात्री तो एकमेकांना पाठवतात. हिंदी डबिंग येणार का, आपल्याकडे लागेल की नाशिक गाठावं लागेल, आधीचे भाग कुठे बघायला मिळतील, अशी चौकशी सुरू होते. सिनेमा यायला सहा महिने असले तरी चर्चा थांबत नाही. आणि तो लागला की पहिल्याच रात्री निम्मे म्हणतात, असा सिनेमा झाला नाही; निम्मे म्हणतात, पैसे पाण्यात गेले.

घरातल्या मोठ्या माणसांना यातलं काहीच उमगत नाही. माणसं मरतात, शहरं ओस पडतात, लेकरं उपाशी भटकतात, हे बघायला एवढी धडपड कशासाठी? प्रश्न रास्त आहे. 'आजकालच्या पोरांना मारामारीच आवडते' हे त्यावर नेहमी दिलं जाणारं उत्तर मला पटत नाही. या सिनेमांच्या ओढीमागे बरंच काही आहे, आणि त्यातलं पुष्कळसं आपल्या मातीतल्या माणसाला लगेच समजेल असं आहे.

हा प्रकार नेमका कोणता?

भूकंप, पूर, उल्कापात दाखवणारे सिनेमे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांत शेवटी इमारती कोसळतात, नायक कुटुंबाला वाचवतो आणि गोष्ट संपते. आपण बोलतोय तो प्रकार त्यानंतर सुरू होतो. इमारत कधीच पडलेली असते. सरकार, वीज, दवाखाना, बाजार यांतलं काही उरलेलं नसतं. आता आज रात्री झोपायचं कुठे आणि उद्या सकाळी खायचं काय, एवढाच प्रश्न असतो. इंग्रजीतून आलेलं याचं नाव 'पोस्ट-अपोकॅलिप्टिक', म्हणजे सर्वनाश होऊन गेल्यानंतरची गोष्ट. हे अवघड नाव इथेच सोडून देऊ आणि पुढे साधं 'सर्वनाशानंतरचा सिनेमा' म्हणू.

सर्वनाशाचं कारण दर सिनेमात वेगळं असतं. कधी साथ, कधी अणुयुद्ध, कधी बिघडलेलं हवामान, कधी परग्रहावरून आलेलं संकट. पण कारण कुठलंही घेतलं तरी आतली गोष्ट फारशी बदलत नाही. पाणी कुठे आहे, खायला किती उरलंय, रात्री आडोसा कुठे, आणि समोरून येणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा का. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठा, आणि सिनेमा चांगला की वाईट हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

खान्देशाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. गुजरात-राजस्थानात ज्याला छप्पनिया म्हणतात, त्या १८९९-१९०० च्या दुष्काळाने आपल्याकडेही माणसं आणि गुरं मारली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षांत तो गावोगाव पोहोचला. उंदीर पडायला लागले की अख्खं गाव घरांना कुलपं लावून शेतात, खळ्यात झोपड्या बांधून राहायचं. बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांमधला 'पिलोक' तो हाच. त्यानंतर १९१८ ची मानमोडीची साथ आली, ती जगभर पसरलेल्या इन्फ्लुएन्झाची. ज्या गावात आठवड्यात दहा तिरड्या उठल्या, त्या गावापुरतं जग त्या आठवड्यात बुडालंच होतं.

वाट बघण्यात एवढी गंमत कसली?

जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक मजेदार गोष्ट दाखवून दिली. त्याने विद्यार्थ्यांना विचारलं, तुमच्या आवडत्या सिनेतारकेने किंवा ताऱ्याने तुमचं चुंबन घेतलं तर त्यासाठी किती पैसे द्याल? आत्ता लगेच मिळालं तर किती, तीन तासांनी मिळालं तर किती, तीन दिवसांनी, वर्षाने, दहा वर्षांनी? सगळ्यांत जास्त किंमत 'लगेच'ला मिळेल असं कुणालाही वाटेल. ती मिळाली तीन दिवसांनंतरच्या चुंबनाला. मधले तीन दिवस मनात घोळवण्याचं सुख लोकांना हवं होतं. त्याच प्रयोगात विजेचा झटका टाळण्यासाठी किती द्याल, असंही विचारलं होतं. झटका जितका लांबणीवर, तितके लोक तो टाळण्यासाठी जास्त पैसे द्यायला तयार होते, कारण मधल्या काळात धास्ती खात बसावं लागतं.

सर्वनाशानंतरच्या सिनेमाची वाट बघताना ही दोन्ही टोकं एकत्र येतात. हवंसं आणि धास्तीचं एकाच तारखेला येणार असतं. प्रेमकथेची किंवा विनोदी सिनेमाची वाट बघताना असं होत नाही.

याच लोवेनस्टाइनने १९९४ मध्ये कुतूहलाची एक साधी व्याख्या मांडली. आपल्याला जेवढं माहीत आहे आणि जेवढं माहीत हवंय, त्यामधली फट जाणवली की माणूस अस्वस्थ होतो, आणि ती बुजवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ट्रेलर बनवणाऱ्यांचं सगळं कसब ही फट नेमकी किती ठेवायची यातच असतं. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'ट्वेंटी एट इयर्स लेटर'चा ट्रेलर हे अलीकडचं ठळक उदाहरण. त्यात कथा जवळजवळ सांगितलेलीच नाही. रुडयार्ड किपलिंगच्या, पायी चालून चालून वेड लागत चाललेल्या सैनिकावरच्या कवितेचं शंभराहून जास्त वर्षं जुनं ध्वनिमुद्रण मागे वाजत राहतं. त्या आवाजाची लय हळूहळू चढत जाते, शेवटी तो ओरडायला लागतो, आणि चित्रं तुकड्या-तुकड्यांनी पुढे सरकतात. बघणाऱ्याला काहीच कळलेलं नसतं, पण छातीत धडधड सुरू झालेली असते. हा ट्रेलर लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिला, एकेक चित्र थांबवून त्यातून कथा उकलायचा प्रयत्न केला. फट बुजवण्याचीच ती धडपड होती.

या सिनेमांची आणखी एक खासियत आहे. प्रेक्षक नुसता बघत नाही, तो मनातल्या मनात खेळायला लागतो. मी असतो तर काय केलं असतं? जळगावात एकदा रात्रीच्या खेळाला अशाच एका सिनेमाला बसलो होतो. पडद्यावरचं कुटुंब एका ओस घरात शिरलं आणि खोल्या-कपाटं उचकत बंदूक शोधायला लागलं. कॅमेरा क्षणभर स्वयंपाकघरावर गेला. तिथला नळ थेंब-थेंब गळत होता. मागच्या रांगेतून एक जण न राहवून अहिराणीत ओरडला, "पहिले पानी भरी ले भो!" आजूबाजूचे हसले, पण ते त्याला नव्हते हसत. उन्हाळ्यात चार-चार, आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावांतून आलेल्या सगळ्यांच्या डोक्यात तेच आलं होतं. आपल्याकडे नळाला धार दिसली की हंडे, कळशा, टिपाडं, घरात असेल ते भांडं आधी भरलं जातं, बाकीचं नंतर. अमेरिकी पटकथाकाराला बंदूक आधी सुचली. आपल्या माणसाला पाणी सुचलं, आणि माझ्या मते त्याचंच बरोबर होतं.

भीती वाटते तर पैसे देऊन का बघायचं?

मोठ्यांचा हा सगळ्यांत नेहमीचा सवाल. याचं उत्तर आपल्या ताटातच आहे. शेवभाजी आठवा. काळ्या मसाल्याची तर्री, पहिल्या घासाला कान तापतात, दुसऱ्याला नाक वाहायला लागतं, कपाळावर घाम येतो, आणि तरी हात पुढच्या घासाला जातोच. जीभ सांगत असते की भाजतंय, पळ. डोकं सांगतं की काही होत नाही, खा. या दोघांच्या ओढाताणीतच ती चव आहे.

पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने मिरचीचाच अभ्यास करून हे मांडलं. मेक्सिकोतल्या एका गावात त्याने पाहिलं की तिथल्या कुत्र्या-डुकरांच्या वाट्याला रोज तिखट उष्टं येतं, पण मिरचीची आवड लागते ती माणसालाच. लोकांना सगळ्यांत आवडणारा तिखटपणा हा 'आता सहन होणार नाही'च्या जरासाच अलीकडचा असतो, हेही त्याला दिसलं. पुढे २०१३ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रडवणारे सिनेमे, भीतीदायक पाळणे, अंग मोडून टाकणारे व्यायाम यांची गोडी याच जातीची आहे. धोका आहे असं शरीराला वाटतं, नाही हे मनाला ठाऊक असतं.

दुसरं कारण सुटकेचं. भीतीने नाडी वाढते, श्वास जोरात चालतो. प्रसंग टळल्यावर भीती लगेच जाते, पण शरीरातली ती चेतना काही मिनिटं रेंगाळते आणि पुढच्या भावनेला जाऊन मिळते. डॉल्फ झिलमन या अभ्यासकाने १९७० च्या दशकात हे समजावून सांगितलं. म्हणूनच दोन तास जीव मुठीत धरून बसल्यावर पडद्यावरच्या बापाला हरवलेलं पोर सापडतं, तेव्हा होणारा आनंद साध्या कौटुंबिक सिनेमातल्या आनंदापेक्षा कितीतरी मोठा असतो. ज्यांना सिनेमा आवडला त्यांनी शेवटी सुटका अनुभवलेली असते, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

आपल्या परंपरेने हा प्रश्न फार आधी हाताळलाय. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ रसांत करुण आणि भयानक दोन्ही आहेत. दुःखाचं नाटक बघून सुख कसं होतं, यावर भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी हजार वर्षांपूर्वी वाद घातले. त्यांचं सांगणं असं, की रंगमंचावरचा शोक 'माझा'ही नसतो आणि 'त्या अमक्याचा'ही नसतो. तो सगळ्यांचा होतो, आणि सगळ्यांचा झाला की त्याची बोच जाते, आस्वाद उरतो. खान्देशातल्या जत्रांमधून हरिश्चंद्र-तारामतीचा वग पिढ्यान्‌पिढ्या पाहिला गेला. राज्य गेलं, बायको-पोर विकलं, राजा स्मशानात राखण करायला उभा राहिला. गोष्ट पाठ असूनही बायाबापड्या दरवर्षी येऊन रडत. नातवंडांच्या सिनेमावेडाचं नवल करणाऱ्या आज्यांनी हे वग पाहिलेले आहेत.

खरी साथ आली तेव्हा लोकांनी असे सिनेमे टाळले असतील ना?

उलटच झालं. २०११ मध्ये 'कंटेजन' नावाचा एक सिनेमा आला होता, आशियातून सुरू होऊन जगभर पसरणाऱ्या एका विषाणूचा. डिसेंबर २०१९ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या जुन्या सिनेमांच्या यादीत मागणीच्या हिशेबाने तो २७० वा होता. कोरोनाच्या बातम्या सुरू झाल्या आणि २०२० च्या सुरुवातीच्या आठवड्यांत तो थेट दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. लोक घाबरलेले होते, आणि घाबरलेले होते म्हणूनच बघत होते. पुढे काय होऊ शकतं याची काहीतरी कल्पना त्यांना हवी होती.

त्याचा फायदा झाला का? एप्रिल २०२० मध्ये कोल्टन स्क्रिव्हनर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३१० जणांना प्रश्न विचारले. भयपटांच्या चाहत्यांनी त्या काळात इतरांपेक्षा कमी मानसिक त्रास झाल्याचं सांगितलं. सर्वनाश, परग्रहवासी, झोंबी असल्या प्रकारांचे चाहते त्या संकटाला जास्त तयारीने सामोरे गेले होते. मात्र यावरून 'सिनेमा बघा, धीट व्हा' असं म्हणता येत नाही. मुळात धीट असलेली माणसंच असे सिनेमे बघत असतील, हीसुद्धा शक्यता आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. एवढं मात्र नक्की, की या सिनेमांनी माणूस खचतो या समजाला त्यात आधार मिळाला नाही.

मग बघून आल्यावर निम्मे लोक चिडतात ते का?

कारण या एका प्रकारात दोन अगदी वेगळे सिनेमे राहतात. एक थराराचा. २०१५ चा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' घ्या. वाळवंट, पाण्यावर ताबा मिळवून बसलेला हुकूमशहा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठलाग. त्याला सहा ऑस्कर मिळाले. दुसरा शोकाचा. २००९ चा 'द रोड' घ्या. राखेने भरलेल्या जगात एक बाप आणि त्याचं पोर पायी दक्षिणेकडे चाललेत, बस्स. जग कशाने संपलं हे त्यात सांगितलेलंच नाही. दोन्हींत सर्वनाश आहे, दोन्हींत जगण्याची झुंज आहे, पण बघणाऱ्याच्या मनाची जी तयारी लागते ती पार वेगळी.

घोटाळा होतो ट्रेलरमुळे. थरार विकणं सोपं, शोक विकणं अवघड. म्हणून शोकाचा सिनेमाही थराराचा वेष घालून बाजारात येतो. 'द रोड'च्या ट्रेलरच्या सुरुवातीला वादळं, वणवे, बातम्यांचे तुकडे जोडलेले होते, जे मूळ सिनेमात नाहीतच. आगीचे लोळ बघायला गेलेल्याला दोन तास बाप-लेकाची उपासमार दिसली तर तो चिडणारच. यात सिनेमा वाईट ठरत नाही आणि प्रेक्षकही मूर्ख ठरत नाही. सांगितलं एक आणि दिलं दुसरं, एवढंच झालेलं असतं, आणि त्याचा दोष मी तरी विकणाऱ्यालाच देतो.

'जग का संपलं ते सांगितलंच नाही' ही तक्रार याच्याच जोडीने येते. ती मला अर्धीच पटते. गोष्ट माणसांची असेल तर कारण न सांगणंच बरोबर असतं. दुष्काळात घर सोडून निघालेल्या माणसाला पावसाचं शास्त्र कळलेलं नसतं, त्याला फक्त विहीर आटलेली दिसते, आणि त्याच्या डोळ्यांनी गोष्ट सांगायची तर प्रेक्षकालाही तेवढंच कळायला हवं. पण आपणच घातलेल्या कोड्यावर सिनेमा दोन तास चालवायचा आणि शेवटी उत्तर द्यायचं नाही, ही मात्र फसवणूक आहे.

तिसरं भांडण शेवटाचं. झिलमनचं म्हणणं आठवा. साठलेल्या ताणाची सुटका झाली नाही तर तोच ताण रागात बदलतो. हे निर्मात्यांना पक्कं माहीत असतं, म्हणून सिनेमा लागण्याआधी तो निवडक प्रेक्षकांना दाखवून बघतात. 'आय ॲम लेजंड' या २००७ च्या सिनेमाचा मूळ शेवट अशाच चाचणीतल्या प्रेक्षकांना रुचला नाही म्हणून बदलला गेला. मूळ शेवटात नायकाला उमगतं की ज्यांना तो राक्षस समजत होता त्यांच्या लेखी राक्षस तोच आहे. बदललेल्या शेवटात तो हुतात्मा होतो. पुढे मूळ शेवट बाहेर आला आणि तो अनेकांना जास्त आवडला. दुसऱ्या भागाची तयारी सुरू झाल्यावर लेखकाने सांगितलं की कथा मूळ शेवटापासून पुढे जाईल. प्रेक्षकांना पहिल्या दिवशी जे हवं असतं तेच दहा वर्षांनी हवं असेल असं नाही.

मग ते टक्के आणि श्रेणी काय सांगतात?

समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर ९० टक्के दिसले की सिनेमाला दहापैकी नऊ मिळाले, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तसं नाही. शंभर समीक्षकांपैकी नव्वद जणांचं मत एकूण अनुकूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. दहाच्या दहा समीक्षक 'ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही' म्हणाले तरी आकडा शंभर येईल. आणि एखाद्या सिनेमाने निम्म्यांना वेड लावलं, निम्म्यांना संताप आणला, तर तो पन्नासावर पडेल. हा दुसरा सिनेमा पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त बघण्यासारखा असू शकतो.

अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची आणखी एक पद्धत आहे. पहिल्या रात्री थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांकडून कार्ड भरून घेतात आणि 'ए प्लस'पासून 'एफ'पर्यंत श्रेणी देतात. पहिल्या रात्री येणारा माणूस मोठी आशा बाळगून आलेला असतो. त्यामुळे जे मनात धरून आलो तेच मिळालं का, हे त्या श्रेणीतून जास्त कळतं. सर्वनाशानंतरच्या सिनेमांना तिथे मार बसतो तो त्यामुळेच.

संकटात माणसं खरंच अशी वागतात का?

माझं या सिनेमांशी खरं भांडण आहे ते इथे. बहुतेक सिनेमे एक गोष्ट गृहीत धरतात. वीज गेली, पोलिस गेले की तिसऱ्या दिवशी शेजारी शेजाऱ्याच्या नरडीवर बसणार. हे एवढ्यांदा दाखवलं गेलंय की आपल्याला ते खरं वाटायला लागलंय.

अभ्यास वेगळं सांगतो. अमेरिकेत १९६३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात आपत्तींचा अभ्यास करणारं केंद्र सुरू झालं, पुढे ते डेलावेअर विद्यापीठात गेलं. एन्रिको क्वारंटेली हे त्याचे एक संस्थापक. भूकंप, वादळं, पूर, स्फोट झाल्यावर त्यांची माणसं तिथे जाऊन लोकांशी बोलत. दशकानुदशकं त्यांना तेच दिसलं. सैरावैरा पळापळ क्वचित होते, लूटमार समजतो त्यापेक्षा खूप कमी होते, आणि ढिगाऱ्याखालून पहिली माणसं काढणारे सरकारी पथकातले नसतात, शेजारीपाजारीच असतात.

हे पटायला आपल्याला अमेरिकेत जायला नको. मे २०२० आठवा. मुंबई-आग्रा महामार्ग मालेगाव, धुळे, शिरपूरवरून पुढे बिजासन घाटात मध्य प्रदेशात शिरतो. त्या रस्त्याने मुंबईहून निघालेली माणसं डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरं घेऊन दिवसरात्र चालत होती. काही सायकलवर, काही रिक्षात, काही ट्रकच्या ताडपत्रीखाली. वर खान्देशातलं मे महिन्याचं ऊन. घाटात हद्दीवर हजारोंची गर्दी अडकली. कुठल्याही सर्वनाशाच्या सिनेमात शोभावं असंच ते दृश्य होतं. आणि त्या रस्त्याकडेच्या गावांनी काय केलं? पाण्याचे जार लावले, खिचडीची पातेली चढवली, चपला वाटल्या. हे वाटणाऱ्यांनाही त्या साथीची भीती होती. घरी म्हातारे आईबाप त्यांचेही होते.

दुसरी बाजूही लपवायची नाही. त्याच दिवसांत वेशीवर काट्या टाकून रस्ते अडवणारी गावं होती. मुंबईहून आलेल्या सख्ख्या भावाला शेतातल्या खोपीत ठेवणारे होते. पुढच्या वर्षी रेमडेसिविरचा काळाबाजार झाला. सिनेमातली भीती खोटी नाही. पण कॅमेरा फक्त काट्यांवर रोखायचा आणि पातेली दाखवायचीच नाहीत, याला मी वास्तव म्हणणार नाही. गंमत अशी की प्रेक्षकांना लक्षात राहतात ते सिनेमे बहुधा पातेली दाखवणारे असतात. अर्धा डबा उरलेला असताना कुणीतरी दुसऱ्याला घास देतं तो प्रसंग लोक बाहेर येऊन सांगतात. किती माणसं मेली ते कुणी मोजत नाही.

मुलांना दाखवावा का?

आधी प्रमाणपत्र बघा. सेन्सॉर बोर्डाच्या नव्या नियमांनी 'यूए'चे तीन भाग केलेत: ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे. त्याहून लहान मुलाला दाखवायचं की नाही हे पालकांनी ठरवायचं. 'ए' असेल तर थिएटरात मुलाला नेताच येत नाही.

पण वयाबद्दल एक अनपेक्षित गोष्ट सांगतो. २० नोव्हेंबर १९८३ रोजी अमेरिकेत 'द डे आफ्टर' हा अणुयुद्धानंतरचा चित्रपट टीव्हीवर दाखवला गेला आणि सुमारे दहा कोटी लोकांनी तो पाहिला. अध्यक्ष रेगन यांनी आधीच पाहून डायरीत लिहून ठेवलं होतं की त्याने मन फार खिन्न झालं. जोआन कँटर या संशोधिकेने त्यानंतर घरोघरच्या प्रतिक्रिया तपासल्या. सगळ्यांत कमी हादरली होती लहान मुलं. मोठी मुलं आणि पालक जास्त अस्वस्थ होते. कारण लहान मूल चेहऱ्याला, आवाजाला, अंगावर येणाऱ्या प्राण्याला भिते. 'आपलं गाव, आपली शाळा, आपले आईबाबा नसतील' ही कल्पना त्याच्या आवाक्यातच नसते. ती बारा-चौदाव्या वर्षाला कळायला लागते. म्हणजे विद्रूप चेहरे नाहीत म्हणून सिनेमा निरुपद्रवी, असं मोठ्या मुलांच्या बाबतीत समजू नये. शेजारी बसून बघा आणि नंतर त्याच्याशी बोला. या वयाला धीर पाठीवर हात फिरवण्यापेक्षा बोलण्याने जास्त मिळतो.

आपल्याकडे असे सिनेमे का होत नाहीत?

पैसा नाही, हे कारण मला खरं वाटत नाही. पडलेली न्यूयॉर्क नगरी उभी करायला पैसा लागतो. आटलेली गिरणा, ओस पडलेलं रेल्वे क्वार्टर, मे महिन्यातली दुपारी दोनची गल्ली दाखवायला फारसा लागत नाही. शेजारच्या मालेगावात तर साध्या कॅमेऱ्यावर, सायकलीचा ट्रॉलीसारखा वापर करून सिनेमे काढणारी माणसं होऊन गेलीत आणि त्यांचं काम जगाने पाहिलं. अहिराणीतून रोज यूट्यूबसाठी चित्रण करणारी पोरं धुळ्या-जळगावात कितीतरी आहेत.

गोष्टही आयती आहे. साक्री तालुक्यातलं बारीपाडा घ्या. जंगल तोडलं गेलं, झरे आटले, बाया पाण्यासाठी कोसभर चालायला लागल्या. गावापुरतं जग संपतच आलं होतं. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदीचे नियम केले, राखण बसवली, बांध घातले आणि सुमारे चारशे हेक्टर जंगल परत उभं राहिलं. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. सर्वनाशानंतर माणसं पुन्हा वस्ती कशी उभी करतात हा या सिनेमांचा सगळ्यांत कठीण भाग असतो, आणि तो इथे एका पाड्याने प्रत्यक्ष करून दाखवलाय.

त्याहून मोठी गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाची. खडी फोडायला गेलेली कुटुंबं, अमेरिकेहून आलेली लाल मिलो, रांगेत मिळणारी सुकडी, कवडीमोल विकलेली बैलजोडी, गाव सोडताना कुणाला मागे ठेवायचं याचे निर्णय. यातला एकेक प्रसंग पटकथा होऊ शकतो. त्यावेळी विशीत असलेली माणसं आता सत्तरी ओलांडून गेलीत, पण अजून ओट्यावर बसलेली भेटतात आणि विचारलं तर सांगतात. परदेशी ट्रेलर थांबवून थांबवून बघणाऱ्या पोरांपैकी कुणाला लिहायचं असेल, तर मोबाइलवर आवाज टिपायची सोय आहेच. या उन्हाळ्यातच सुरुवात करावी.